अत्तेंचे स्नायू

माझे सासरे खंडोजीराव यांचा देवावर विश्वास आहे, पण संधी मिळाली तर ते देवाच्या मुकुटालाही एकदा व्हर्नियरची मोजपट्टी लावून बघतील. मेटगळ्ळीच्या एका रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. सील दाबायचं, दाबून ठेवायचं, सोडायचं आणि ते किती वर आलं ते मोजायचं. वर आलं तर हिरवं स्टिकर, नाही आलं तर लाल. हे एवढं काम; पण जेवताना ते असं सांगतात की सगळ्या देशाची चाकं त्यांच्या अंगठ्यावर फिरत होती.

त्यांचे पणजोबा म्हणे इथल्या संस्थानच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, हुकूम सोडायची सवय तेवढी वारशाने उतरली. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःहून स्टिकरांची दोन भेंडोळी आणली, एक हिरवं, एक लाल. बोगादीच्या आमच्या घरात कुकरवर हिरवं स्टिकर आहे, गच्चीच्या शिडीवर आहे, देवघरातल्या समईच्या बुडालाही आहे. लाल यंदापर्यंत फक्त एकदाच निघालं होतं, माझ्या माहेरहून आलेल्या मिक्सरवर.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला अत्ते म्हणतात. कानडी मुलखात इतक्या पिढ्या काढल्यावर मराठीत एवढी भेसळ चालायचीच. तर यंदा जूनमध्ये मामांनी ते यंत्र आणलं.

दिसायला साधा वजनकाटाच, फक्त वर काचेत धातूच्या चार पट्ट्या आणि हातात धरायला एक दांडा. अनवाणी उभं राहायचं, दांडा धरायचा. वजन तर येतंच, शिवाय चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, पाणी किती, शरीराचं खरं वय किती, असे एकूण तेवीस आकडे मोबाइलवर येतात. माझं खरं वय त्रेपन्न निघालं. मी बेचाळीसची आहे. माझा नवरा, ज्याचं नावच तरुण आणि जो दिवसभर खुर्चीत बसून लॅपटॉपशी बोलतो, तो छत्तीसचा निघाला. तेव्हाच मला त्या यंत्राची अक्कल कळायला हवी होती.

मामांनी यंत्राची रीतसर तपासणी केली. सोना मसुरी तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं त्यावर ठेवलं. पंचवीस पूर्णांक एक. "पोत्याचं वजन शंभर ग्रॅम. बरोब्बर," मामा म्हणाले आणि काचेच्या कोपऱ्यात हिरवं स्टिकर चिकटवून खाली सही-तारीख केली. वजनाचा एक आकडा खरा निघाला, म्हणून बाकीच्या बावीस आकड्यांनाही त्यांनी पास करून टाकलं. तेहतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाने हे केलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं, कारण स्टिकर होतं.

आणि मी काय केलं? मी शाळेत विज्ञान शिकवते. नाश्त्याच्या टेबलावर मी सगळ्यांना ऐटीत समजावलं, की हे यंत्र अंगातून अगदी बारीक वीज सोडतं. चरबीतून वीज अडखळत जाते, पाण्यातून सहज जाते, आणि स्नायूंमध्ये पाणी भरपूर असतं. म्हणून वीज जितकी सहज गेली तितके स्नायू जास्त, असा अंदाज यंत्र बांधतं. मामा खूश झाले. "नोडु, बघा, आमची सुष्मा किती हुशार!" म्हणाले. मीही खूश झाले.

जुलैत मामांनी बोगादीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मधुमिता यांना गाठलं आणि 'स्नायूसंपदा' नावाची स्पर्धा काढली. दर रविवारी सकाळी बायकांनी आमच्या पडवीत यायचं, यंत्रावर उभं राहायचं, मामा वहीत आकडे लिहिणार. गौरी-गणपतीनंतर ज्या बाईचे स्नायू सर्वांत जास्त वाढले असतील तिला करंडक, शाल आणि प्रमाणपत्र. सोबत मामांचा आहार-हुकूम: सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मीठ घातलेलं ताक दोन पेले, आणि दिवसभरात तीन लिटर पाणी, मोजून.

बाकीच्या बायकांनी चौथ्या दिवशी हुकूम धाब्यावर बसवला. अत्तेंना ती सोय नव्हती. भागीरथीबाई या बाईने अडुसष्ट वर्षांत कुणाला 'नाही' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. मामा तांब्या भरून समोर ठेवत आणि त्या निमूट पीत.

आणि अत्तेंचे स्नायू वाढायला लागले.

पहिल्या रविवारी एकवीस किलो. तिसऱ्या रविवारी बावीस पूर्णांक चार. पुढे दर आठवड्याला काही ना काही भर. वजन वाढत होतं, पण चरबीचा टक्का उतरत होता. पाण्याचा टक्का तर असा चढला की मोबाइलवर हिरवा अंगठा यायचा आणि खाली 'उत्तम' असा शेरा. मामा पडवीतल्या बायकांना सांगायचे, "वजन वाढतंय आणि चरबी घटतेय, म्हणजे वाढतंय ते काय? शुद्ध स्नायू! अडुसष्टाव्या वर्षी!" बायका अत्तेंकडे बघायच्या. अत्ते लाजून पदर सारखा करायच्या आणि खुर्चीचा हात धरून बसायच्या.

"अहो, गच्चीवर जाताना दम लागतोय," एकदा त्या म्हणाल्या. "मधे दोनदा थांबावं लागतं."

"स्नायू वाढले की त्यांना हवा जास्त लागते. गाडीचं इंजीन मोठं केलं तर पेट्रोल जास्त लागणार, अल्वा? हो की नाही?"

"आडवं पडलं की छातीत कोंडतं. उशा तीन घेतल्या तर बरं वाटतं."

"घे की. मान ताठ राहील."

"पाय जड वाटतात हो."

"जड वाटणारच! पाच किलो स्नायू फुकट येतात काय?"

अत्तेंनी मग बोलणं सोडलं. त्यांच्या चपला घट्ट व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी तरुणला हळूच सांगितलं. तरुणने मान वर न करता मोबाइलवरून एक माप मोठ्या मागवल्या. महिन्याने आणखी एक माप मोठ्या मागवल्या. आईवर त्याचं फार प्रेम आहे. सामान दुसऱ्या दिवशी दारात असतं. जोडवी बोटात रुतायला लागली तेव्हा अत्तेंनी साबण लावून ती काढली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. ती मी रोज सकाळी दिवा लावताना बघत होते. बघत होते आणि शाळेला उशीर होतोय म्हणून निघत होते.

एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगते. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या दिवशी मी अत्तेंना नमस्कार केला. हल्ली आपण करतो तसा. कंबरेतून वाकायचं, हात गुडघ्यापर्यंत न्यायचा, तिथेच हवेत थोडा घुटमळवायचा आणि छातीला लावायचा. साडीची घडी मोडत नाही आणि समोरचीही "राहू दे गं" म्हणून सुटका करते. अत्तेंनीही आशीर्वाद दिला. माझी बोटं त्यांच्या पावलापासून हातभर लांब होती. ती हातभर खाली गेली असती तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

गौरीच्या दोन दिवस आधी तुळसम्मा आली. ही बांगड्यावाली कृष्णराजनगरहून सकाळच्या बसने येते, गेली तीस वर्षं. तिच्या हातातून बांगड्या भरल्याशिवाय आमच्याकडे गौर बसत नाही. बोलते कानडी, पण आमच्या घरात राहून राहून मराठीही तोडकीमोडकी येते. तिला कुणाचं माप विचारावं लागत नाही. अत्तेंचं माप दोन-सहा, माझं दोन-आठ, आणि माझं माप दर वर्षी ती जरा मोठ्याने म्हणते.

अत्ते पडवीत खुर्चीवर बसल्या. तुळसम्माने त्यांचा हात मांडीवर घेतला, अंगठा आत मुडपला आणि हिरवी बांगडी सरकवायला गेली. बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. तिने दोन-आठची घेतली. अडली. दोन-दहाची घेतली, हात चोळला, दाबला, पुन्हा चोळला; आणि मग बांगडी बाजूला ठेवून ती त्या हाताकडे बघत राहिली. हाताच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता.

तिने काही न विचारता अत्तेंची साडी घोट्यावरून बोटभर वर केली, नडगीवर अंगठा रोवला आणि काढला. तिथेही खळगा. भाजणीच्या पिठात बोट दाबावं तसा.

"इदु मांस अल्ल, अम्मा," तुळसम्मा म्हणाली. "नीरु. सगळं नीरु."

हे मांस नव्हे, पाणी आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. इथे कांकणच हातात जात नव्हतं, तरी आम्ही तेवीस आकड्यांच्या आरशात बघत होतो.

मामा आतून आले. "काय झालं?"

"अम्माच्या अंगात पाणी भरलंय, सामी. डॉक्टरकडे न्या. आज न्या."

"बांगड्या भरणारी आता मला शिकवणार!" मामा हसले. त्यांनी यंत्र ओढलं आणि अत्तेंना त्यावर उभं केलं. उभं राहतानाही अत्ते माझ्या खांद्यावर रेलल्या. मामांनी मोबाइल तुळसम्मापुढे धरला. "बघ. स्नायू सत्तावीस. मागच्या रविवारी सव्वीस पूर्णांक तीन होते."

तुळसम्माने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "मशीनला विचारा, सामी," ती म्हणाली, "हा खड्डा का पडतो."

मामांनी पहिल्यांदा त्या खड्ड्याकडे पाहिलं. पाहत राहिले. मग आत गेले आणि परत आले ते व्हर्नियर घेऊन. मला वाटलं, संपलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. एकाहत्तर वर्षांचा तो गृहस्थ गुडघे कटकटवत अत्तेंच्या पायाशी फरशीवर बसला.

"अय्यो, अहो! पायाला हात नका हो लावू, मला पाप लागेल," म्हणत अत्तेंनी पाय मागे घेतला.

"गप्प बस," मामा म्हणाले, पण त्यात हुकूम नव्हता.

त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. पाच आकडे मोजले. सोडला. व्हर्नियरची बारीक पट्टी खळग्यात उतरवली. "सहा पूर्णांक दोन मिलिमीटर." मग घड्याळाकडे बघत बसले. पंधरा सेकंद. तीस. एक मिनिट. खळगा होता तिथेच. त्यांनी दुसरा पाय दाबला. मग स्वतःचं धोतर वर करून स्वतःची नडगी दाबली. "शून्य." माझा हात ओढून मनगटावर दाबलं. "शून्य." पुन्हा अत्तेंचा पाय. पुन्हा सहा.

"दाबल्यावर जो माल मूळ आकाराला येत नाही," ते पुटपुटले, "तो..."

तेहतीस वर्षं जे काम अंगठ्याने केलं, तेच घरच्या माणसावर करायला एका बांगड्यावालीने सांगावं लागलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्यांच्या शेजारी मीही तशीच उभी होते हे कळल्यावर तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

दवाखान्यात वर्षिणी नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी कुठलंही यंत्र लावलं नाही. अत्तेंच्या पायावर अंगठा दाबला, मग गळ्याची शीर पाहिली, मग छातीला नळी लावली. तपासण्या मागून झाल्या. अत्तेंचं हृदय थकलं होतं. रक्त नीट ढकललं जात नव्हतं, म्हणून पाणी मागे साचत होतं. पायांत, पोटात, आता फुफ्फुसांतही.

"दिवसाला पाणी किती पिता, अज्जी?" तिने विचारलं.

"तीन लिटर," उत्तर मामांनी दिलं.

"कुणी सांगितलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

मग मामांनी पिशवीतून ती वही काढली. त्यांना वाटलं असावं, निदान आपली शिस्त तरी डॉक्टरला दिसेल. वर्षिणीने पानं उलटली, स्नायूंच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं आणि म्हणाली, "ही तर साचलेल्या पाण्याची नोंद आहे. आठवड्या-आठवड्याची. इतकी सुबक नोंद मी एकाही पेशंटची पाहिली नाही."

"पण यंत्र तर स्नायू म्हणत होतं," मामा म्हणाले.

"यंत्राला वीज किती सहज जाते तेवढं कळतं. पाणी स्नायूतलं की भलतीकडे साचलेलं, ते घरच्या यंत्राला कळत नाही. पाणी ओळखायची वेगळी यंत्रं आमच्याकडे आहेत. तीही अंगठ्यानंतरच." तिने वही मिटली. "आणखी आठ-दहा दिवस हे कौतुक चाललं असतं, तर तुम्ही अज्जींना इथे उचलूनच आणलं असतं. मग मी काही करू शकले असते की नाही, सांगता येत नाही."

पाण्यातून वीज सहज जाते, हे मी चौदा वर्षं आठवीच्या मुलांना शिकवते आहे. परीक्षेत दोन गुणांना असतं ते.

गौर यंदा आमच्याकडे बसली नाही. अत्तेंना शिरेतून औषध सुरू झालं आणि पाणी उतरू लागलं. पलंगाखाली टांगलेली लघवीची पिशवी भरायची, परिचारिका ती मोजून रिकामी करायची, पुन्हा भरायची. पाचव्या दिवशी अत्ते एका उशीवर झोपल्या. मी त्यांचा चेहरा बघितला आणि दचकले. गाल बसलेले, हाडं वर आलेली. दोन महिने ज्याला आम्ही 'तब्येत सुधारली' म्हणत होतो, ते सगळं पाणीच होतं. खाली अत्ते एवढ्याशाच उरल्या होत्या.

त्याच दिवशी मधुमिता आल्या. सोबत मंडळाच्या तिघी, हातात शाल, करंडक आणि चौकटीतलं प्रमाणपत्र: 'सर्वाधिक स्नायूवृद्धी, प्रथम क्रमांक, सौ. भागीरथीबाई'.

"अहो, पण..." मी सुरुवात केली.

"आम्हाला सगळं कळलं गं," मधुमिता म्हणाल्या. "पण प्रमाणपत्रं छापून झाली होती. आणि नियमात आजारपणाचं काही नव्हतं. आकडा म्हणजे आकडा, अल्वा, खंडोजीराव?"

मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. तिघींपैकी एकीने मोबाइल काढून फोटोची तयारी केली. मधुमितांनी शाल उघडली.

"मधुमिता," अत्ते म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "स्नायू बघायला आलीस काय? ते वर नाहीत गं. पलंगाखाली बघ, पिशवीत आहेत. ने घरी."

मधुमितांनी खरोखरच वाकून बघितलं. मग शाल अत्तेंच्या पायावर ठेवून त्या घाईने सरळ झाल्या. फोटो तरीही काढला गेला; मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा त्यातून पिशवी नीट कापलेली होती. साठ जणींनी अभिनंदन केलं. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा अत्ते कुणाला तरी टाकून बोलल्या आणि मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन रडले.

आठव्या दिवशी अत्ते घरी आल्या, सहा किलो चारशे ग्रॅम हलक्या. आता पाणी दिवसाला सव्वा लिटर, मीठ नावापुरतं, गोळ्या तीन वेळा. हृदय पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही, सांभाळून राहायचं, असं वर्षिणीने स्वच्छ सांगितलं आहे. रोज सकाळी वजन करायचं आणि पाय दाबून बघायचे. वजन यंत्रावरच करतो. तेवढा एक आकडा खरा देतं ते, आणि त्या एकाच आकड्याची तपासणी झाली होती.

पाय मामा दाबतात. फरशीवर बसतात, अत्ते रोज "पाप, पाप" म्हणतात आणि रोज पाय पुढे करतात. व्हर्नियर पुन्हा बाहेर निघालेलं नाही.

एकदा यंत्राजवळ झाडताना मला ती वही दिसली. यंत्रावरचं हिरवं स्टिकर मामांनी खरवडून काढलं होतं. मला वाटलं, तिथे लाल लावतील. तिथे काहीच नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर छान वळणदार अक्षरात 'तपासणारा: खंडोजीराव' असं लिहिलेलं होतं. लाल स्टिकर त्या नावावर होतं.

मी वही होती तशी ठेवली. माझ्या नावाचं पान त्या वहीत नव्हतं, एवढंच.

दसऱ्याला संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन मी अत्तेंपुढे गेले. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात तुळसम्माने खास परत येऊन भरलेल्या दोन-सहाच्या बांगड्या. "राहू दे गं," त्या सवयीने म्हणाल्या. मी खाली बसले, साडीची घडी मोडून, दोन्ही गुडघे टेकून. त्यांची पावलं हातात घेतली आणि डोकं टेकवताना डाव्या नडगीवर हळूच अंगठा रोवला.

"नमस्कार करतेस की तपासतेस?" अत्ते वरून म्हणाल्या.

"दोन्ही," मी म्हणाले आणि अंगठा उचलला. पुसटसा खळगा पडला होता. मी मनात मोजायला लागले. सातव्या आकड्याला कातडी वर आली. तोवर मी मान वर केली नाही.